सात केसपेपर

३ जून
आले एकदाची! दवाखाना छोटा, पण चकचकीत. मागे राहायला दोन खोल्या, नळाला पाणी, खिडकीत ऊन. कंपाउंडरकाकांनी माझी ट्रंक उचलली आणि नर्सबाई कपडे आणतात की दगडं म्हणून चिडवलं. माझं इथे छान जमणार.

४ जून
मागचा वॉर्ड साथीपासून रुग्णांसाठी बंद आहे. सात खाटा, प्रत्येकीच्या पायथ्याशी केसपेपर. त्यांवरची माणसं पाच वर्षांपूर्वी साथीत गेली, पण कागदावर कुणीच मेलेलं नाही. रोज सकाळी नर्सने ताप आणि नाडी भरायची : नॉर्मल. मग घरची माणसं येऊन खिडकीतून कागद वाचून जातात. काका म्हणाले, ही इथली आठवण जपायची रीत, मोडू नका. मला गलबलून आलं. भरलं सगळं नॉर्मल.

७ जून
चादरी मी ताठ घालते, सकाळी चुरगळलेल्या सापडतात. काकांना विचारलं तर विषय बदलला. खोटं लिहायला माझा हात धजत नाही. आज सातही कागदांवर ‘मृत्यू’ लिहून सही ठोकली. घाईत तारीख आजची पडली. उद्या सुधारेन.

८ जून
दुकानदाराने मला साधं मीठ दिलं नाही. तिसऱ्या खाटेवरच्या मुलीची आई रस्त्यात आडवी आली. म्हणाली, आम्ही पाच वर्षं जगवलं, तू एका दिवसात सात जीव घेतलेस. कागद सुधारायला धावले, तर ते जागेवर नाहीत.

९ जून
भर दुपारी वॉर्डातून धापा ऐकू आल्या. सात जणांच्या. आत खाटा रिकाम्या. दाराला आतून नखांचे ओरखडे, आणि कडी फक्त बाहेरून.
काका रडले. म्हणाले, तेव्हा सगळे घाबरले होते, कुलूप सगळ्यांनी मिळून लावलं. मेले म्हणून लिहिलं की कुणी मारलं तेही लिहावं लागतं. आता सही तुमची आहे.
उद्या पहिल्या गाडीने निघते. नोकरी गेली खड्ड्यात.

१० जून
दाराशी सगळे. मास्क लावून. मला ढकलत वॉर्डात — कडी लागली — ही वही तेवढी खिशात —

फटीतून कागद आला. माझं नाव. ताप नॉर्मल. उद्याचाही भरलेला.
ओरडले, मी जिवंत आहे! ती आई शांतपणे म्हणाली, हो गं बाई, तेच लिहिणार आम्ही, रोज.

मागे चाललेल्या धापा थांबल्या. सगळ्यांच्या, एकदम.

तिसऱ्या खाटेवरची चादर हलली — कुणीतरी सरकून मला जागा