भावी इंजिनिअरांचा सत्कार

१५ जून
प्रिन्सिपॉलसाहेबांनी को-ऑर्डिनेटर केलं! युनिव्हर्सिटीची नवी योजना. पोरांनी बारावीतच इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे दोन पेपर द्यायचे. पास झालं की पुढं कॉलेजात ते माफ. पहिला चुकला की दुसऱ्यालाही बसता येत नाही. बाकीचे सर नको म्हणाले म्हणून तुमच्या गळ्यात घातलं, असं राजेश्वरी म्हणते. बायकोला संस्थेतलं काय कळतं?
संकल्प : बारा पोरं, बारा इंजिनिअर.

१ जुलै
उद्घाटन झकास. पाहुणे दोन तास लेट, म्हणून पहिलं लेक्चर कॅन्सल. पाहुण्यांना चादर, पोरांना टॉवेल. रुद्राणी नावाची पोरगी विचारते, सर, लेक्चर कधी? काय ही घाई! आधी सत्कार, मग हुरूप, मग अभ्यास.

२२ ऑगस्ट
चिंचोळी एमआयडीसीत इंडस्ट्रियल व्हिजिट. बॅनर बांधण्यात सकाळ गेली, पण गेटवरचा फोटो लई भारी. मग जेवण. तेवढ्यात रुद्राणी आणि तिच्या वर्गातला शिवू आत घुसले आणि मशिनपाशी प्रश्न विचारत बसले. युनिफॉर्मला ग्रीस! दुसऱ्या फोटोत दोघांना मागं उभं केलं.

१० ऑक्टोबर
ऑनलाइन लेक्चरला कॉम्प्युटर लॅब नाही, कारण तिथं माझ्या कार्यक्रमाच्या खुर्च्या आहेत. पोरं मोबाइलवर बघतात. सेल्फ स्टडी!
शिवूची आई निंगव्वा भेटून गेली. घरात दहावीच्या पुढं गेलेला हा पहिलाच. सर, तुमीच बगा आता त्येच्याकडं, म्हणाली. डोळे भरून आले. माझे.

२८ नोव्हेंबर
‘भावी इंजिनिअर सत्कार’ ५ डिसेंबर, सकाळी अकरा. पाहुणे तेव्हाच मोकळे. युनिव्हर्सिटीनं पहिला पेपरही नेमका तेव्हाच ठेवलाय. प्लॅनिंग म्हणून नाही यांना! पेपर दुपारी घ्या सांगायला फोन केला. उचलला नाही. म्हणजे हरकत नाही.
रुद्राणी म्हणाली, मी पेपरलाच जाणार. तिचं नाव कापलं. शिवू म्हणाला, सर सांगतील तसं. याला म्हणतात संस्कार.

५ डिसेंबर
अकरा फेटे, अकरा टॉवेल. हॉल फुल्ल. शिवू सारखा घड्याळ बघत होता. त्याला म्हटलं, पेपर काय, परत येतो. असे पाहुणे परत येत नाहीत. दुपारी पोरांना घेऊन सेंटरवर गेलो. गेटला कुलूप. युनिव्हर्सिटीचा कारभारच असा.

२ जानेवारी
रिझल्ट. एक पास, अकरा गैरहजर. साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय. पण बसलेल्यांत शंभर टक्के निकाल, हे कुणी बघत नाही! परवा रुद्राणीचा सत्कार. पाहुण्यांना देतो तसली चादर आणली. नारळ पण.

४ जानेवारी
रुद्राणी आली नाही. निरोप आला, सर, दुसऱ्या पेपरचं लेक्चर आहे.
निंगव्वा आली. शिवूचा पेपर परत कदी हाय, सर? तुमीच म्हणला की, परत येतो म्हणून. मग तिनं पिशवीतून टॉवेल काढून टेबलावर ठेवला. वापरला न्हाय त्येनं, म्हणाली, आणि गेली.
नारळाची राजेश्वरीनं चटणी केली. थंडी फार आहे, चादर मीच पांघरलीय. खुलासा उद्या द्यायचाय. ‘गैरहजेरीचे कारण’ एवढंच लिहून झालंय.