मार्लिस विरुद्ध ब्लँका

प्रिय ब्लँका,

तू सुट्टी घेऊन लिंकनला बहिणीकडे गेलीस हे तुझ्या कचेरीतल्या पोरीकडून कळलं. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून बसते. म्हणून लिहिते आहे. जोनेल अंगणातल्या झोपाळ्यावर बसली आहे, जूनच्या उन्हातही गुडघ्यांवर घोंगडी घेऊन.

आधी गावच्या बातम्या. मका छान वर आला आहे. नाचाच्या हॉलचं छप्पर एकदाचं बदललं. तू नव्हतीस म्हणून एमिलच्या थडग्याभोवतीचं गवत मीच कापलं. तुझ्या नवऱ्याला वाकडंतिकडं कापलेलं चालायचं नाही हे ठाऊक आहे, पण आता तो काही बोलत नाही.

शुक्रवारचा वॉशिंग्टनच्या सर्वोच्च कोर्टाचा निकाल तू ऐकलाच असशील. आमच्यासारख्यांच्या लग्नावरची आपल्या राज्याची बंदी गेली, सगळ्याच राज्यांची गेली. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा मी बटाटे सोलत होते. त्या इतक्या रडत होत्या की मला वाटलं हरलो. जोनेलनं फोन घेतला, ऐकून घेतलं, ठेवला आणि म्हणाली, "मग जेवण आटपू या. एक वाजता कचेरी उघडेल." आम्ही परवाना घ्यायला गेलो. खिडकीत तू नव्हतीस. ती पोरगीच बसली होती. कागद अजून जुनेच, त्यांवर वर आणि वधू असंच छापलेलं. तिनं घाबरत विचारलं, "तुमच्यात वर कोण?" जोनेल म्हणाली, "वयानं मोठी मी, मी वर. ही बुटकी वधू." पोरगी हसली, मागचे लोकही हसले. मला मात्र सारखं वाटत होतं, आत्ता मागच्या दारातून तू येशील.

ज्या वर्षी लोकांनी मतदान करून ती बंदी आपल्या राज्याच्या घटनेत घातली, ते वर्ष आठवतं? दहातल्या सात जणांनी बंदीच्या बाजूनं कौल दिला. आपल्या तालुक्यात तर त्याहून जास्त, आणि ती मतं मोजून निकाल दारावर लावायचं काम तुझंच होतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. सगळे नेहमीसारखेच गोड. गल्ल्यावरच्या बाईनं माझ्या पिशव्या गाडीपर्यंत आणून दिल्या, जोनेलच्या पाठीची चौकशी केली. मी गाडीत बसून राहिले आणि मनात हिशेब करत राहिले, हिनं काय केलं असेल, त्यानं काय केलं असेल. मग ठरवलं की कुणालाच विचारायचं नाही. या गावात राहायचं तर दुसरा मार्गच नव्हता. तुलाही विचारलं नाही. तुझ्याबद्दल तर शंकाही आली नाही.

नंतर नदीपलीकडच्या आयोवा राज्यात अशी लग्नं लागू लागली. मी म्हटलं, जाऊन येऊ या. जोनेल म्हणाली, "परत येताना पुलाच्या मध्यावर माझं लग्न संपणार असेल, तर पेट्रोल कशाला जाळायचं? मी इथली. माझं लग्न इथंच होईल." तिचा हट्ट तुला माहीत आहे. आम्ही गेलो नाही. पण तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यातल्या बाईनं मला दाराशीच अडवलं. "तुम्ही पेशंटच्या कोण?" इतकी वर्षं एका घरात राहिलेली, तिचं औषधपाणी करणारी मी, पण त्या बाईला रक्ताचं नाहीतर लग्नाचं नातं हवं होतं. शेवटी कॅन्ससमधल्या तिच्या भाच्याला फोन लागला. त्यानं तिला जन्मात दोनदा पाहिलं असेल. तो हो म्हणाला, तेव्हा मला आत सोडलं. त्या रात्री घरी न जाता मी तिच्या पायाशी बसून ठरवलं, आता कोर्टात जायचं.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं कधी सांगितलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, आधी परवाना मागा, तो नाकारला गेला पाहिजे, त्याशिवाय दावा उभा राहत नाही. म्हणून आम्ही तुझ्या खिडकीशी आलो. तू हसून म्हणालीस, "काय गं, गाडीची पाटी परत हरवलीस?" मी सांगितलं कशाला आलो ते. तुझा चेहरा उतरला. तू म्हणालीस, "मार्लिस, नको ना." मी म्हटलं, "तू फक्त नाही म्हण. स्पष्ट म्हण." तू खाली बघून म्हणालीस, "नाही." आणि लगेच जोनेलला विचारलंस, "पायांची सूज उतरली का गं?" बाहेर आल्यावर जोनेल म्हणाली, "बिचारी." मला राग आला होता, तिला नव्हता.

मग कागद आले. वर मोठ्या अक्षरांत: मार्लिस व्होपाट आणि जोनेल टीस विरुद्ध ब्लँका सिमेक. शाळेत एका बाकावर बसलेल्या आपण. मी वकीलबाईंना विचारलं होतं, हिचं नाव टाळता येणार नाही का? त्या म्हणाल्या, परवाना देणारी तीच, दुसरं कुणाचं टाकू? त्या गुरुवारी तू आपल्या तिघींच्या पत्त्यांना आली नाहीस. पुढच्याही नाही. मार्चमध्ये खालच्या कोर्टात आम्ही जिंकलो, मी कोलाचीचे गोड पाव करायला पीठ भिजवलं, खसखस वाटली, आणि परवाने मिळायच्या आधीच वरच्या कोर्टानं निकाल रोखला. ती कोलाची आम्ही दोघींनीच आठवडाभर खाल्ली. तुझ्याकडे डबा पाठवावा असं जोनेल म्हणत होती. मी म्हटलं, तिला यायचं तर ती येईल. मला वाटत होतं तू दाव्यामुळे रुसलीस.

परवा रात्री जोनेलनं मला खरं सांगितलं. त्या मतदानानंतर हॉलमध्ये नाच होता. ती नाचाला वाजवलेली अकॉर्डियनची पेटी गाडीत ठेवत असताना तू तिच्याकडे गेलीस, रडलीस आणि म्हणालीस, "मी बंदीलाच मत दिलं. पाद्री म्हणाले, एमिल म्हणाला, मी फार विचारच केला नाही. आणि रात्रभर मोजत बसले." जोनेलनं तुला विचारलं, "मग गुरुवारी पत्त्यांना येणार की नाही?" तू आलीस. आणि ही इतकी वर्षं गप्प. मी ओरडले तिच्यावर, मला का नाही सांगितलंस? ती म्हणते, "तू तिच्याशी बोलणं टाकलं असतंस. मग तिसरी कुठून आणायची?"

खोटं कशाला लिहू, दोन दिवस मला तुझं नावही नको होतं. भांडी आपटली, जेवले नाही. तू माझ्या टेबलाशी बसून हसत होतीस आणि तुझं ते मत दवाखान्याच्या दारात मला अडवत उभं होतं, हे काही केल्या गिळवेना. पण आज सकाळी मी तिचे केस विंचरून देत असताना जोनेल म्हणाली, "ती दाव्याला घाबरून येईनाशी झाली नाही गं. तुला तोंड दाखवायला घाबरते." मग आठवलं, कशाला आलो ते कळल्यावर त्या खिडकीत तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतंस.

डॉक्टर म्हणतात, जोनेलजवळ हा उन्हाळा आहे, पुढचं सांगता येत नाही. म्हणून येत्या शनिवारी दुपारी आमच्या अंगणात आमचं लग्न आहे. नव्या बाई पाद्री शेजारच्या गावातून येतील. कायद्यानं दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एक वकीलबाई. दुसरी तू असावीस असं जोनेल म्हणाली तेव्हा मी तिच्याशी भांडले. आता तीच गोष्ट मी माझ्या मनानं तुझ्याकडे मागते आहे. येऊन काही समजावून सांगू नकोस, माफीही मागू नकोस, मी रडेन आणि माझे फोटो खराब येतील. तुझा तो निळा झगा घाल. आणि सही नीट वाचता येईल अशी कर.

तुझीच,
मार्लिस