वाटपात राहून गेलेला कॉम्प्युटर

६ सप्टेंबर, शनिवार

आज बालिक्चीला पोचले. माझ्या गावाहून, नारीनहून सकाळी निघालेली मिनीबस दुपारी सरोवराकाठी आली, खिडकीत एकदम निळं पाणी दिसलं आणि शेजारची अनोळखी बाई माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. रस्त्याच्या कडेला दोरीवर वाळत घातलेले मासे वाऱ्यावर हलत होते. या गावाला वारा फार. खाली उतरते न उतरते तोच डोक्यावरचा रुमाल उडाला. सेझिमने पळत जाऊन तो पकडला. "एने, तुझा रुमाल पळून चालला होता," म्हणाली, "मी त्याला अटक केली." सात वर्षांची झाली माझी नात, आजीला एने म्हणते. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे 'अटक' म्हणताना वारा सुटतो तोंडातून.

मार्चमध्ये कुंदूझ गेली. माझी एकुलती एक लेक. जावई मिर्लान मॉस्कोत ट्रक चालवतो. इतके दिवस सेझिम त्याच्या बहिणीकडे होती, आता तिचं बाळंतपण जवळ आलं, म्हणून मी आले. लेकीचं घर लहान पण नीटस आहे. कुंदूझ नीटसच होती.

वसतिगृहात आमच्या बाई सांगायच्या, रोज पाच ओळी लिहा आणि त्यात खोटं लिहू नका. साठी उलटली तरी ती सवय मोडवत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

सेझिमच्या दोन वेण्या घातल्या, पांढऱ्या फिती बांधल्या. आम्हाला शाळेत पांढरी कॉलर असायची. दर शनिवारी उसवून धुवायची, रविवारी परत टाचायची. सुई टोचलेलं बोट अजून आठवतं. सेझिमला हे सांगितलं तर म्हणाली, "सगळा शर्टच का नाही धुवायचा?"

शाळेतून येताना तिने विचारलं, आईचा आवाज कसा होता. चेहरा आठवतो, आवाज आठवत नाही म्हणाली. अगदी सहज, दगडाला पायाने ढकलत. मी म्हटलं, गोड होता. ती म्हणाली, गोड म्हणजे कसा? मला करून दाखवता आला नाही.

कोपऱ्यात कुंदूझचा जुना कॉम्प्युटर आहे, तिनेच विणलेल्या जाळीखाली. वर लिंबाएवढा कॅमेरा. त्याच्यापुढे बसून ती मिर्लानसाठी निरोप भरायची. ते निरोप आत असणार. चालू केला. तीन वेळा पीं-पीं-पीं केलं आणि पडदा काळाच राहिला.

१० सप्टेंबर, बुधवार

ओगाय म्हणून एक कोरियन म्हातारे आहेत. बंदरात बोटी होत्या तेव्हा त्यांचे रेडिओ दुरुस्त करायचे, आता बाजाराच्या टोकाला लोखंडी कंटेनरमध्ये बसतात. घरी आले, कॉम्प्युटरभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "बाई, हा तुमच्यामाझ्या वयाचा दिसतो. याला कामाला कशाला जुंपता? पेन्शन सुरू करा याची." मी म्हटलं, मलाच वेळेवर मिळत नाही. ओगाय हसले.

तीन शिट्ट्या म्हणजे मेमरीची पट्टी, असं त्यांनी सांगितलं. ती काढली, सेझिमचं खोडरबर मागून घेतलं आणि पट्टीचे सोनेरी दात घासले. परत बसवली. पडदा उजळला. कुंदूझचा फोटो आला, सरोवरावरचा, केस विस्कटलेले. सेझिमने टाळ्या वाजवल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला.

११ सप्टेंबर, गुरुवार

मशीन फारच सावकाश आहे. एक खिडकी उघडायला सांगावं आणि तेवढ्यात कणीक मळून घ्यावी. निरोप सापडले, चौदा आहेत. एक लावला. कुंदूझ खुर्चीत बसलेली, निळा स्वेटर, ओठ हलताहेत. आवाज नाही. अडकत अडकत चाललं आणि दहा मिनिटांत आपोआप बंद पडलं.

सेझिमला शाळेत बगळ्यांची कविता म्हणायची होती. चार दिवस ती न्हाणीतसुद्धा म्हणत होती. आज उभी राहिली आणि एक ओळ आठवली नाही. बाईंनी वहीत लिहून पाठवलंय. मी विचारलं तर म्हणाली, कसली कविता?

१५ सप्टेंबर, सोमवार

ओगायनी झाकण उघडलं. आत पंख्यावर बोटभर धूळ. "अख्खं बालिक्ची आत भरलंय," म्हणाले. "वारा कुठे राहायला जातो ते आज कळलं." ब्रश, फुंकर, जुनी ओढणी. मधल्या तापणाऱ्या चकतीवरचं मलम वाळून खपली झालं होतं, ते खरवडून नवीन पांढरं मलम लावलं. आता चिप थंड राहील, बंद पडणार नाही.

खरंच पडलं नाही. दुपारभर चाललं. मी चौदाही निरोप पाहिले, मुकेच. शेवटच्यात कुंदूझ काही बोलत नाही, नुसती समोर बघते.

सेझिमचे हात गार आहेत. लोकरीचे मोजे घातले.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी सेझिमने उकळती किटली दोन्ही तळव्यांनी धरली. धरून उभी राहिली. मी ओरडले तेव्हा सोडली, आणि मी का ओरडले ते तिला कळेना. फोड आलेत. मलम लावताना ती माझ्याकडे बघत होती, जणू हात दुसऱ्याच कुणाचे आहेत.

दवाखान्यातली नर्स म्हणाली, मुलांना आई गेल्याचा धक्का असाही बसतो. असेल.

निरोप पंधरा झालेत. मी चुकून काही दाबलं असेन.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शेजारची शाइरगुल चाळणी मागायला आली. आज शुक्रवार, तिच्याकडे गेलेल्यांसाठी तेलात रोट्या तळायच्या होत्या. कॉम्प्युटर चालू दिसला तशी दारातच थांबली. मला म्हणाली, "बुरुल एजे, हा तिचाच ना? आणि हा अजून घरात कसा?"

मी आठवून पाहिलं. चाळिसाव्या दिवशी कुंदूझचं सगळं मी माझ्या हाताने वाटलं. कोट नणंदेला, बूट चुलत बहिणीला, उशीसुद्धा प्रेत धुणाऱ्या बाईला. कंगवाही ठेवला नाही. हा मात्र कुणाच्या ध्यानातच आला नाही. कपडा नाही, भांडं नाही. हीसुद्धा माणसाची वस्तू, असं कुणाला वाटलंच नाही.

शाइरगुल म्हणाली, गेलेल्याच्या हातची एक जरी वस्तू वाटायची राहिली तर त्याला वाटतं, आपण अजून इथलेच आहोत. "आजच्या आज देऊन टाक. भंगारवाल्याला दे. तो घेत नसेल तर माझ्या नवऱ्याला दे, तोही भंगारच गोळा करतो." मी म्हटलं, एकदा आवाज ऐकते, सेझिमला ऐकवते, मग देते.

चाळणी घेतल्याशिवायच गेली.

२२ सप्टेंबर, सोमवार

आवाज आला. मागची वायर सैल होती आणि आतलं आवाजाचं कार्ड गंजलं होतं. ओगायनी स्पिरिटने पुसून घट्ट बसवलं, तेवढंच.

"मिर्लान, ऐकू येतंय ना? सेझिमला आज पहिला दात आला, मला चावली हरामखोर." आणि हसली. तिचं हसणं शेवटाला वर जायचं, ते मी विसरले होते. पुन्हा लावलं. पुन्हा. ओगाय कधी गेले कळलं नाही.

सेझिम शाळेतून आली. तिला मांडीवर घेऊन ऐकवलं. ती शांतपणे बसली. मी विचारलं, असा होता बघ, आठवला का? तिने तोंड उघडलं. पुढे काही नाही.

तेव्हापासून बोललेली नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

शाळेच्या बाई घरी आल्या. मूल बोलत नाही, हात वर करत नाही, लागलं तर रडत नाही, इस्पितळात दाखवा. हो म्हटलं.

निरोप सतरा. सतरावा उघडला. निळा स्वेटर नव्हता. मागे ही खोली होती, आत्ताची. खुंटीवर माझा रुमाल. कुंदूझ म्हणाली, "अपा, माझी आई, तू वजन किती उतरवलंस गं."

पडदा बंद केला नाही. बंद करायला हवा होता.

२४ सप्टेंबर, बुधवार

मी मूर्ख नाही. पट्टी घासली तेव्हा कविता गेली. चिप थंड झाली तेव्हा हात गेले. आवाज आला, आवाज गेला. प्रत्येक दुरुस्ती पोरीतून भरून निघते आहे.

आज खात्री करून घेतली. सकाळी झाकण उघडलं, मेमरीची पट्टी उपटून काढली. तीन शिट्ट्या. काळा पडदा.

अकरा वाजता सेझिमने वही ओढली, पेन्सिल घेतली आणि वाकड्या अक्षरात लिहिलं, बगळे दक्षिणेला निघाले. कवितेची पहिली ओळ. मग दुसरी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिले. चार ओळी झाल्या.

देवा, पोर आहे अजून. सगळी आहे आत.

दुपारी पट्टी परत बसवली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

काल लिहिलं ते खरं आहे. खोडणार नाही. पट्टी मी बसवली. माझ्या हाताने. घरात फार शांतता होती.

सेझिमने वही बंद केली.

२७ सप्टेंबर, शनिवार

मिर्लानचा फोन. सेझिमला दे म्हणाला. झोपली म्हटलं. दुपारी दोनला? म्हणाला. हो, दमली होती.

कुंदूझला आता निरोप लावावा लागत नाही. मी बसले की असते. लहानपणचं बोलतो. नारीनची नदी, तिची पिवळी घसरगाडी, मी रागावले होते तो दिवस. सगळं आठवतं तिला, माझ्याहून जास्त.

वेण्या घालायच्या राहिल्या.

२९ सप्टेंबर, सोमवार

टक्-टक् आवाज येतो आतून. नखाने काच वाजवावी तसा. कुंदूझ मधेच थांबते, अर्धा शब्द. पुन्हा सुरू होते.

ओगायनी कान लावला. हार्ड डिस्क मरते आहे म्हणाले. दोन-तीन दिवस. सगळं तिच्यावरच आहे; ती गेली की सगळं गेलं, मग कुणीही काही करू शकत नाही.

म्हणजे मी काही केलं नाही तर पोर परत येईल. नुसतं बसून राहायचं. एवढंच.

३० सप्टेंबर, मंगळवार

बसले. काही केलं नाही. सेझिमचा गाल कोमट लागला. दहापर्यंत टिकले मी.

कुंदूझ म्हणाली, अपा, मी पुन्हा जाते आहे का? मागच्या वेळेला तू बाहेर गेली होतीस.

हो, गेले होते. औषध आणायला. रांग होती.

ओगायना निरोप पाठवला. नवी डिस्क घेऊन या.

१ ऑक्टोबर, बुधवार

ओगाय आले. जोडली. जुनीवरचं सगळं नवीवर उतरवायचं, उद्यापर्यंत चालेल. सुरू केलं. मग त्यांनी सेझिमला पाहिलं, खुर्चीत. वाकले. तिच्या डोळ्यांपुढे बोट हलवलं. मला म्हणाले, बाई, हे मूल किती दिवस असं आहे? मी म्हटलं, शांत स्वभावाची आहे. ते म्हणाले, "मी डॉक्टरची गाडी घेऊन येतो. तोवर हे बंद करा. मशीन काय, उद्याही दुरुस्त होईल. ऐकताय ना? बंद करा म्हणतो." आवाज चढला त्यांचा. टोपी विसरून गेले.

बंद केलं नाही.

बारा टक्के.

दुपार

डॉक्टरची गाडी कारखान्याच्या रस्त्याला गेलीय, शाइरगुल दारातून सांगून गेली. ओगाय तिथे वाट बघताहेत. आत आली नाही ती.

एकतीस.

सेझिमला मांडीवर घेतलं. हलकी आहे. श्वास मोजला. मोजता येतो, इतका सावकाश—

२ ऑक्टोबर

सकाळ. सत्तर.

मला काही वाटत नाही. हे लिहून ठेवते कारण खोटं लिहायचं नाही. भीती वाटायला हवी. हात जाड झाल्यासारखे—

कुंदूझ स्पष्ट आहे. टक्-टक् नाही. केस विंचरलेत.

अठ्ठ्याऐंशी. बाहेर गाडी वाजते आहे. लांब. वारा असेल.

श्वास आला. पुढचा

आला.

तार भिंतीपाशी. चार पावलं. सेझिमला खाली ठेवायचं आणि चार पावलं. मी आजी आहे. मी ओढणार आहे. उठतेच आहे—

कुंदूझ सांगते आहे, त्या दिवशी, मी रांगेत असताना, शेवटी तिने काय म्हटलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढं वाक्य होऊ दे. मग उठते. पंच्याण्णव. एवढं एकच