पिवळ्या लोकरीचा गोंडा

अरेकिपाचं इस्पितळ, जून

माझ्या बासिलिया,

आपल्या छोट्या नीवेसला पापा, कळपातल्या लामांना मूठभर मीठ.

मी बरा आहे. हृदयातली खराब झडप काढून गाईच्या हृदयावरच्या पापुद्र्याची नवी बसवलीय. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणतो, "आता जेवायच्या वेळी हंबरू नकोस म्हणजे झालं!" हसलो, तर टाके दुखले.

डॉक्टरीणबाईंना सरळच विचारलं, "आता किती वर्षं?" म्हणाल्या, "झडप दहा-पंधरा वर्षं टिकेल. मग पुन्हा बदलू. औषधं चुकवली नाहीत, तर तुम्ही तिच्याहून जास्त टिकाल."

पंधरा वर्षं म्हणजे एका लामाचं आयुष्य. नीवेस तेव्हा एकोणीस वर्षांची असेल. पुष्कळ झालं की गं!

बटाटे गारठ्यात वाळत घातलेस का? छपरावर एकटी चढू नकोस, भावाला बोलाव.

आणि एक सांगायचं राहिलं. ऑगस्टात लामांच्या कानांत मालकाच्या रंगाचे गोंडे बांधाल, तेव्हा त्या नव्या पांढऱ्या पिल्लाला माझा लाल नको, नीवेसचा पिवळा बांध. माझ्या बाकीच्या लामांनाही पिवळेच बांध. तिनं विचारलं तर सांग, बाबाला लाल रंगाचा कंटाळा आलाय.

तुझाच,
इलारियो