मागच्या खोलीतलं थिएटर

३ मार्च, रविवार

टीव्ही गेला. सासूबाई दुपारची मालिका बघत होत्या. आधी आडव्या रेघा, मग नुसताच आवाज, मग तोही नाही. त्यांना वाटलं रिमोटचे सेल संपले. मी मागचं झाकण उघडलं. आत धूळ होती. पुसून परत बसवलं. एक स्क्रू उरला.

बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरा आणू या. आईचा गुडघा नुकताच बदललाय, दिवसभर बसून तिने करायचं काय. मी म्हटलं, मला फक्त पुढच्या रविवारपर्यंत वेळ दे.

कंपनीत मी बाटल्यांची झाकणं तपासतो. गळकं झाकण माझ्या हातून सुटत नाही. असा माणूस घरात असताना दुकानदार देईल तो टीव्ही उचलून आणायचा? निश्चय: एकदाच घ्यायचा. मोठा आणि पक्का.

१० मार्च, रविवार

शोरूम. भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर तोच एक पोपट. सेल्समनला विचारलं, हा किती टिकेल. म्हणाला, सर, कलर बघा ना. कलर काय, कोणीही बघेल. मी मागे जाऊन वायरींची तोंडं तपासली. तिसऱ्यांदा मागे गेलो तेव्हा तो म्हणाला, सर, मागून कोणी बघत नाही. माणूस चांगला आहे, विषयाची खोली नाही.

निकाल पुढे ढकलला. घाई कोणाला आहे?

सासूबाई खिडकीशी बसून असतात. समोरच्या इमारतीत कोण कधी कपडे वाळत घालतं हे त्यांना पाठ झालंय. निरीक्षणशक्ती सुधारते आहे.

१६ मार्च, शनिवार

सासूबाई संध्याकाळी शेजारी जायला लागल्या, कॅप्टनकडे. कॅप्टन आयुष्यभर बस चालवत होते, पण सगळे कॅप्टन म्हणतात आणि ते ओ देतात. त्यांचा टीव्ही म्हणजे पुस्तकाएवढा, मधोमध हिरवट डाग. माणसं डागाच्या आत आली की आजारी दिसतात. तरी सासूबाई जातात.

डॉक्टर कधीपासून चालायला सांगत होते, ऐकत नव्हत्या. आता वॉकर घेऊन रोज जातात-येतात. टीव्ही न आणल्याचा हा फायदा घरात कोणी बोलून दाखवत नाही.

२४ मार्च, रविवार

मोठा निर्णय. टीव्ही नाही, प्रोजेक्टर. भिंतभर चित्र. थिएटरच म्हणायचं.

अडचण एकच. हॉलमध्ये उजेड फार. प्रोजेक्टरला अंधार लागतो आणि अंधार होण्यासारखी खोली एकच, मागची. तिथे सध्या सासूबाई असतात. तात्पुरतं त्यांनी हॉलमधल्या दिवाणावर झोपावं असं सुचवलं. हॉलमध्ये हवा चांगली येते. बायको बराच वेळ काही बोलली नाही, म्हणजे पटलं असावं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, घर तुमचं आहे. मोठ्या मनाच्या आहेत.

कंपनीत सगळ्यांना सांगून टाकलं. पॅकिंगचा मुख्य म्हणाला, झालं की आम्हाला बोलवा. बोलवतो म्हटलं.

२ एप्रिल, मंगळवार

दिव्याचा प्रोजेक्टर घ्यायचा की लेसरचा? दिव्याचा दिवा जातो. लेसरला पंखा असतो, पंखा वाजतो, आणि वाजणारी गोष्ट बिघडतेच.

रोज जेवणाच्या सुट्टीत लोकांचे अभिप्राय वाचतो. एक म्हणतो, उत्तम वस्तू. दुसरा म्हणतो, वर्षाच्या आत बंद पडली. दुसरा खरा वाटतो. पहिल्याचं अजून वर्ष झालेलं नसेल.

पॅकिंगच्या मुख्याने सल्ला विचारला, त्यालाही टीव्ही घ्यायचाय. मी म्हटलं, थांबा, अभ्यास पुरा होऊ दे. तो त्याच संध्याकाळी घेऊन आला. आज डब्याच्या वेळी सांगत होता, काय स्वच्छ दिसतं हो. मी म्हटलं, आत्ता दिसणारच.

मधूनच वाटतं, आपणही एक साधा टीव्ही आणावा आणि मोकळं व्हावं. पण आता ते शक्य नाही. सगळं खातं विचारतंय. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्याचे लोकसुद्धा विचारतात. साधा टीव्ही घेतला तर तोंड कुठे दाखवू?

१३ एप्रिल, शनिवार

काम सुरू. मागच्या खोलीची खिडकी प्लायवूडने बंद केली. भिंतींना काळा रंग, त्यावर फोम. सुतार म्हणाला, साहेब, इथे राहणार कोण. मी म्हटलं, राहायचं नाही, बघायचं आहे.

सासूबाईंचं कपाट दारातून बाहेर निघेना, ते आतच राहिलं. कपडे काढायला त्या टॉर्च घेऊन जातात. आज चुकून बायकोचा गाऊन घालून आल्या. हसलो. एकटाच हसलो.

२१ एप्रिल, रविवार

बायको म्हणाली, आई भावाकडे जायचं म्हणते आहे. मी म्हटलं, जाऊन येऊ दे, तोवर थिएटर तयार होईल. ती म्हणाली, जाऊन येत नाहीये, तिकडेच राहायचं म्हणते. तुला कळतंय का मी काय सांगते आहे.

कळलं. मेहुण्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्या एकदा वर चढल्या की खाली उतरणं नाही. तिथे कॅप्टन नाहीत. दार उघडं ठेवून बसायचीही सोय नाही. विचार करून बरं वाटेना.

उपाय एकच: थिएटर लवकर पूर्ण करणे. मोठ्या पडद्यावर मालिका दिसली की त्या कुठे जातात? खरं तर हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय. हे बायकोला सांगितलं. ती उठून कॅप्टनकडे गेली.

५ मे, रविवार

प्रोजेक्टर घेतला. लेसर. शोरूममध्ये शेवटचा नग होता, मागून दुसरं गिऱ्हाईक विचारत होतं, हात आपोआप पुढे गेला. घरी येईपर्यंत वाटत होतं, दिव्याचाच बरा होता. खोका अजून उघडलेला नाही. उघडला की परत करता येत नाही.

दार मात्र नामी झालंय. जाड, आतून फोम, चारी बाजूंनी रबराची पट्टी. पट्टी मी स्वतः लावली, शेवटी झाकणाचंच तत्त्व. कागदाचा कपटा फटीत धरून पाहिला, हलला नाही. बाहेरून ढकललं की खटका आपोआप लागतो. आतली मूठ तेवढी राहिली आहे. दोन नमुने पसंत आहेत, एक गोल आणि एक दांडीचा. दोन्हींची तुलना चालू आहे. सुतार जाताना म्हणाला, मूठ बसेपर्यंत दार लावू नका, आत अडकाल. सुतारांना वाटतं, लोकांना सगळं सांगावं लागतं.

११ मे, शनिवार

बायकोही आता रोज संध्याकाळी कॅप्टनकडे. आपल्या हॉलमध्ये बसलं की त्यांचं हसणं ऐकू येतं. मी फोमच्या जोडांना डिंक लावत असतो, त्यामुळे फार लक्ष देत नाही.

आज बाहेरून आलो तर घराला कुलूप, किल्ली मागायला कॅप्टनकडे गेलो. तिघं एका कोचावर. सासूबाईंचा पाय स्टुलावर, कॅप्टन त्यांना सांगत होते की मालिकेतली ही सून पहिल्यापासून आतल्या गाठीची आहे. मला म्हणाले, या, बसा, आणि स्टूल रिकामं करायला लागले. मी म्हटलं, नको, काम पडलंय. किल्ली घेतली तरी जाहिरात लागेपर्यंत दारात उभा होतो. मग घरी येऊन डिंक लावला.

कॅप्टन पुढच्या आठवड्यात त्यांच्या बहिणीकडे जाणार आहेत, महिनाभर. घराला कुलूप. माझ्या थिएटरला हीच वेळ योग्य.

१९ मे, रविवार. दुपार

खोका उघडला. प्रोजेक्टर छताला टांगला. समोरच्या भिंतीवर पडदा लावला. पहिली चाचणी एकट्याने करायची ठरवलं, म्हणजे काही चूक निघाली तर चर्चा नको. मोबाईल बाहेर ठेवला, त्याचा उजेड मध्ये येतो. वही नोंदींसाठी आत आणली. आवाज बाहेर किती जातो ते कळावं म्हणून दार ओढून घेतलं.

खटका लागला.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

दार उघडत नाही. मूठ जिथे यायची तिथे भोक आहे. त्यात बोट घातलं. बोट काढायला वेळ लागला.

हाका मारल्या. माझा आवाज माझ्याच कानात राहतो. ध्वनिरोधन उत्तम झालंय. याची नोंद घ्यायला हवी.

प्रोजेक्टर चालू केला. लॅपटॉप हॉलमध्ये राहिलाय. भिंतभर निळा रंग आणि त्यावर अक्षरं: सिग्नल नाही. अक्षरं अत्यंत रेखीव. त्याच उजेडात हे लिहितोय.

बायको आल्यावर शोधेलच. पण रविवारी मी मुठी बघायला बाजारात जातो हे तिला माहीत आहे. गेले तीन रविवार तेच केलं. म्हणजे शोधणार नाही.

आणखी थोड्या वेळाने

उकडतंय. खिडकीचं प्लायवूड हाताने निघत नाही. मीच दुप्पट खिळे मारायला लावले होते.

सासूबाईंचं कपाट उघडलं, टेकून बसायला काही मिळतं का बघायला. एक शाल मिळाली. खालच्या कप्प्यात त्यांची बॅग, भरलेली. घड्या घालून कपडे, गुडघ्याचा पट्टा, औषधं. वर एक उशीचा अभ्रा, इथल्याच उशीचा.

बॅग परत ठेवली. शालीवर बसलो. भिंतीवर तेच: सिग्नल नाही. बंद करावंसं वाटलं, पण मग नुसताच अंधार राहील. त्या इथे टॉर्च घेऊन यायच्या आणि मी म्हणायचो, पायाखाली वायरी आहेत, जपून.

संध्याकाळ असावी

वीज गेली. आता काही दिसत नाही, अक्षर वेडंवाकडं येत असेल.

भिंतीतून धडधड जाणवते आहे. हॉलच्या बाजूने. ड्रिल मशीन. म्हणजे त्यांना कळलं. दार उघडत नाही म्हणून भिंत फोडताहेत. वीज मुद्दाम बंद केली असणार, सुरक्षिततेसाठी. शेवटी माणसाची किंमत कळते. डोळे भरून आले. बाहेर आल्यावर सासूबाईंशी स्वतः बोलायचं ठरवलं आहे.

रात्रीच्या जेवणाआधी, हॉलमध्ये बसून

झालेलं जसंच्या तसं लिहून ठेवतो.

मी पडद्याच्या भिंतीला कान लावून बसलो होतो. धडधड वाढली आणि माझ्या डोक्याच्या वीतभर वर ड्रिलचं टोक भिंतीतून, फोममधून, पडद्याच्या मधोमध आत आलं. गरगरत आलं, परत गेलं. त्या भोकातून उजेडाची बारीक रेघ पडली. मी तोंड लावून म्हटलं, मी इथे आहे.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, अगं, भिंतीतून जावईबापू बोलताहेत.

बायकोने दार उघडलं. मागे कॅप्टन, आणि त्यांच्या मागे बॅटरीवरचं ड्रिल घेतलेला एक अनोळखी माणूस. तो म्हणाला, भिंत इतकी पातळ असेल वाटलं नव्हतं, साहेब. लागलं नाही ना?

मी म्हटलं, तुम्ही मला सोडवायला भिंत फोडत होता ना. बायको म्हणाली, टीव्ही लावतोय.

कॅप्टन उद्या जाणार म्हणून ते आणि सासूबाई दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. बायको सोबत. पहिला दाखवला तोच घेतला. सासूबाई म्हणाल्या, त्यावर बाईचा चेहरा नीट दिसत होता, अजून काय बघायचं. दुकानातला माणूस लगेच लावायला आला. भिंतीतली वायर लागू नये म्हणून त्याने आधी घराचा मेन स्विच बंद केला. तोवर मी आत होतो याची कोणाला कल्पनाच नव्हती.

बायकोने मला पाणी दिलं. शर्टाला चिकटलेला फोम काढत म्हणाली, किती वेळ होतास? मी म्हटलं, चाचणी चालू होती. ती म्हणाली, बरं. आणि मग तिथेच, सगळ्यांसमोर, पदराने माझं कपाळ पुसलं.

सासूबाई जवळच उभ्या होत्या. ठरवल्याप्रमाणे मी त्यांच्याशी बोललो. म्हटलं, आई, बॅग रिकामी करा, आणि उद्या सुतार येईल, खिडकी उघडून घेऊ. त्या म्हणाल्या, काळा रंग? मी म्हटलं, तोही. त्या म्हणाल्या, बघू या. बघू या म्हणजे काय ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

२० मे, सोमवार

कंपनीत पॅकिंगच्या मुख्याने विचारलं, झालं का थिएटर. मी म्हटलं, चाचणीत काही त्रुटी निघाल्या, लॉट परत केला. त्याने मान डोलावली. तपासणी विभागाचा अजून दरारा आहे.

२६ मे, रविवार

खिडकी उघडली. भिंती पांढऱ्या व्हायला तीन हात लागले, तरी ढगाळ दिसतात. सासूबाई आत झोपायला गेल्या. बॅग आता कपाटाच्या वर आहे, रिकामी आहे की नाही हे मी हलवून पाहिलं नाही.

टीव्ही हॉलमध्ये, साधा, मध्यम आकाराचा. मागची तोंडं तपासायची होती, पण तो भिंतीला घट्ट बसलाय. चित्र ठीक आहे. माझं मत कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी मालिका लागली. बायको आणि सासूबाई कोचावर, मी बाजूच्या खुर्चीत. एक बाई रडत होती, दुसरी दाराआड ऐकत होती, एक म्हातारा कुठलं तरी पाकीट लपवत होता. मी विचारलं, ही कोण? आणि ही का रडते आहे?

सासूबाईंनी पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, जावईबापू, तुम्हाला अगदी सुरुवातीपासून सांगावं लागेल. आत्ता नको.

मी बघत बसलो. काही कळलं नाही.