वळणावरचा हात

प्रिय राखी,

रोज फोनवर बोलतो आणि आज पत्र, तुला नवल वाटेल. देवळाली कॅम्पात माल उतरायला दुपार होणार, म्हणून चहाच्या टपरीवर बसून लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

सरळच सांगतो, तो दूधवाला मंगळू माझ्या डोक्यात बसलाय. तू कळवणहून मोटरसायकलवर अंगणवाडीला निघतेस, घाटात त्याचा टेम्पो पुढे असतो आणि वळण आलं की त्याचा हात खिडकीबाहेर येतो. पंजा पुढे हलवला तर निघ, खाली दाबला तर मागेच राहा. पुढे गेलीस की तू आभाराचा म्हणून दोनदा हळूच हॉर्न देतेस. हे सगळं तूच मला जेवताना सांगितलंस, हसत हसत. अठरा वर्षं ट्रक चालवतोय मी, माझं असं कौतुक कधी केलंस?

मोटरसायकल तुला शिकवली कोणी? मीच ना, बाजार समितीच्या मागच्या मैदानात? क्लच झटकन सोडायचीस आणि वर माझ्यावरच ओरडायचीस. आणि आता रस्त्यावरचा शहाणा माणूस कोण, तर मंगळू! त्या टेम्पोमागून जायचं नाही, असं मी बजावलं तेव्हा तू म्हणालीस, "अहो, त्याचं तोंडबी मी नीट पाहिलं नाय. हात तेवढा ओळखते." मला तेच जास्त झोंबलं. तोंड न बघता एवढा भरवसा! तेव्हापासून रस्त्यातलं काही सांगायचं तू बंदच केलंस.

खरं तर मी आजवर एकाही दुचाकीवाल्याला हात दाखवला नाही. आरशात दिसला तरी म्हणायचो, त्याचं तो बघेल.

गेल्या बुधवारी संध्याकाळी मात्र तू फोनवर रस्त्यातलं बोललीस. मंगळूने पंजा दाबला म्हणून तू मागे राहिलीस. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून शेवटी वळणावरच तुम्हा दोघांना ओलांडायला निघाला आणि समोरून एसटी आली. मंगळूने टेम्पो पार डोंगराच्या कडेला घातला, म्हणून ट्रकला आत शिरायला जागा झाली. तू खडीवर घसरलीस, गुडघा फुटला. ट्रक थांबलासुद्धा नाही. "माणूस व्हता का जनावर," म्हणालीस. मी विचारलं, गाडीचा नंबर बघितलास का? तू नाही म्हणालीस आणि मला हायसं वाटलं.

राखी, त्या दिवशी मालकाने मला दुसरी गाडी दिली होती, म्हणून तू ओळखली नाहीस. पुढे तू दिसलीस. त्याच्या एका पंजावर तू निमूट मागे राहिलीस, ते मला बघवलं नाही. जनावर मीच. मंगळूला भेटून पाया पडणार आहे, पण आधी तुला सांगायला हवं होतं, आणि फोनवर जीभ वळेना. सोमवारी सकाळी त्याच घाटातून येतोय. तू मागे दिसलीस तर हात बाहेर काढेन. माझ्या हातावर विसंबून तू पुढे आली नाहीस, तरी मी हॉर्न वाजवणार नाही.

तुझाच,
मल्हारी