चौथ्या पायरीवरून परत

अहो,

जेवण तुमच्या खोलीच्या दाराशी ठेवलंय, नेहमीसारखं.

सकाळी व्हिसाच्या फोटोसाठी म्हणून निघालात आणि चौथ्या पायरीवरून परत फिरलात. मग अर्धा तास हात धूत होतात. बोलून बोलून माझंच तोंड दुखायला लागलंय.

लेकीने तिकडे समुद्राकाठी खोली घेऊन ठेवलीय, मे महिन्यात आठ दिवस. “आई, आता सगळं उघडलंय, बाबांना घेऊनच ये,” म्हणते. तिला काय सांगू? सगळं जग उघडलं, आपलं दार तेवढं राहिलंय?

अर्जाचा आज शेवटचा दिवस. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याच्या अक्षरशः हातापाया पडले, तेव्हा तो चार वाजता घरी यायला तयार झाला. आत येणार नाही, उंबऱ्याबाहेरूनच फोटो काढेल. मागे पांढरं लागतं म्हणून दारासमोरच्या भिंतीवर चादर टांगलीय. ती कृपा करून पुन्हा उकळू नका, चारपर्यंत वाळायची नाही. खुर्ची दोनदा पुसलीय.

मी चष्म्याच्या दुकानातून सहाला येईन, मग रात्री अर्ज ऑनलाइन भरते. नाहीच जमलं तर तसं सांगा, दोन्ही तिकिटं रद्द करते. एकटी जाऊन समुद्राला काय सांगू?

फोटोपुरता मास्क काढावा लागेल. फोटोवाल्याला एक प्रत जास्त काढायला सांगितलीय. ती अर्जासाठी नाही, मला हवीय. दोन वर्षं एका घरात राहून तुमचा चेहरा विसरत चाललेय मी.